उसनी माणसं आणि पक्के आकडे

(इंदूर येथील आपल्या मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



मंडळाचे चिटणीस विषय विचारायला घरी आले, तेव्हा मी म्हणालो, "सरकारी खात्यांत आकड्यांचं काम करणाऱ्यांना शिकवायचं कुणी?" ते जरा गप्प झाले. मग अदबीनं म्हणाले, "काका, गणपतीत थोडं हलकंफुलकं काही नाही का चालणार?" मी म्हटलं, चालेल की. पण गणपती ही विद्येची देवता आहे आणि व्यासांचा लेखनिकही आहे. सांगितलेलं नीट समजून घेतल्याशिवाय लिहायचं नाही, ही व्यासांनी त्याला घातलेली अट होती असं आपण लहानपणी ऐकलं आहे. सरकारी आकडे लिहिणाऱ्या प्रत्येकानं तेवढी एक अट पाळली, तर आजच्या भाषणाची गरजच उरणार नाही.

विषय थोडा उलगडतो. प्रत्येक सरकारात आकडे गोळा करणारी, तपासणारी आणि त्यांवरून अंदाज बांधणारी माणसं असतात. पीक किती आलं, महागाई किती वाढली, किती मुलं शाळेत जात नाहीत, हे तीच सांगतात. ही माणसं नोकरीत येतात तेव्हा कुणी संख्याशास्त्र शिकलेलं असतं, कुणी अर्थशास्त्र, कुणी दोन्हीही नाही. कामाचं गणित त्यांना नोकरीतच शिकावं लागतं. ते शिकवायला प्रत्येक खात्यानं स्वतःचे मास्तर ठेवायचे, की विद्यापीठ, संशोधन संस्था, केंद्र आणि राज्य यांनी आपापली जाणती माणसं एकमेकांना काही काळ द्यायची? माझं उत्तर दुसरं आहे. आणि या उत्तराचा एक मोठा धागा आपल्या इंदुरातून जातो, म्हणून तो इथेच सांगावासा वाटतो.

माणसं उसनी घेण्याची रीत आपल्याला नवी नाही. सर टी. माधवराव हे तंजावरच्या मराठी घराण्यातले. त्रावणकोरचं दिवाणपद त्यांनी १८५७ ते १८७२ सांभाळलं. मग तुकोजीराव होळकरांनी त्यांना इथे बोलावलं. १८७३ ते १८७५ ते इंदूरचे दिवाण होते. बडोद्यात मल्हारराव गायकवाडांना पदावरून दूर केल्यावर तिथली घडी बसवायला याच माधवरावांना नेलं गेलं. एका संस्थानात शिकलेला कारभार दुसऱ्याच्या कामी आला. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वजही असेच कुणीतरी बोलावलं म्हणून या मुलखात आले आणि इथलेच झाले.

आता शेतीकडे वळू. १९२४ साली इंदुरात 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' सुरू झाली. जमीन होळकर दरबाराची. पैसा मध्यवर्ती कापूस समितीचा आणि मध्य भारतातल्या संस्थानांचा. ज्या आवाराला आपण आज कृषी महाविद्यालय म्हणून ओळखतो, तेच ते. पहिले संचालक सर अल्बर्ट हॉवर्ड. 'इंदूर पद्धती'चं कंपोस्ट म्हणून जगभर गेलेलं खत त्यांच्याच काळातलं, हे इथल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे. त्याच आवारात पुढे आकड्यांचंही मोठं काम झालं, ते मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं.

१९३३ साली जोसेफ हचिन्सन नावाचे कापसाचे अनुवंशशास्त्रज्ञ त्रिनिदादच्या कापूस संशोधन केंद्रातून इथे आले. चार वर्षं राहिले आणि १९३७ मध्ये परत त्रिनिदादला गेले. या चार वर्षांत त्यांच्याबरोबर काम करणारे तरुण संशोधक होते विनायक गोविंद पानसे. कापसाच्या वाणांची तुलना करताना शेताचे तुकडे कसे पाडायचे, कोणतं वाण कुठे लावायचं हे चिठ्ठी टाकून कसं ठरवायचं, जमिनीच्या कसातला फरक आणि वाणातला फरक वेगळा कसा काढायचा, यावर दोघांनी मिळून लिहिलं. पानसे पुढे लंडनला रोनाल्ड फिशर यांच्या प्रयोगशाळेतही काम करून आले.

फिशर यांची पद्धतच होती की आपल्याकडे देशोदेशींची माणसं यावीत, बरोबर काम करावं आणि आपापल्या घरी परतावं. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड शेतकी केंद्रात ते होते तेव्हाही हेच चाले. मध्य प्रांतातले आर. जे. कळमकर तिथे राहून आले होते. पुढे १९४०च्या दशकाच्या पूर्वार्धात पानसे आणि कळमकर यांनी मध्य प्रांत-वऱ्हाडात कापसाच्या उत्पादनाचा अंदाज नमुना पाहणीनं काढण्याचं काम केलं. म्हणजे बघा, त्रिनिदादचा माणूस इंदुरात, इंदूरचा माणूस लंडनात, नागपूरकडचा रॉथॅमस्टेडमध्ये. आणि या सगळ्याचं फळ वऱ्हाडातल्या कापसाच्या शेतात.

ती पाहणी एवढी महत्त्वाची का, हे समजायला त्याआधी काय चालायचं ते पाहायला हवं. तेव्हा होती आणेवारी. सोळा आणे पीक म्हणजे भरघोस, आठ आणे म्हणजे निम्मं. पटवारी बांधावर उभा राहून नजरेनं ठरवायचा, यंदा दहा आणे. हा आकडा वर जायचा, कोष्टकात बसायचा आणि त्यावरून सरकार ठरवायचं की धान्य पुरेल की नाही. पटवारी लबाड होता असं नाही. पण नजरेचा अंदाज माणसागणिक बदलतो, आणि सारा माफ व्हावा की न व्हावा याची छाया त्यावर पडतेच. १९४३ मध्ये बंगालमध्ये दुष्काळ पडला, लाखो माणसं गेली. देशात धान्य नेमकं किती पिकतं, हा प्रश्न त्यानंतर कागदावरचा राहिला नाही.

इथे आणखी एका मराठी माणसाचं नाव घ्यायला हवं. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११, सातारा जिल्ह्यातलं बुध गाव. फर्ग्युसनमध्ये शिकले, लंडनहून डॉक्टरेट घेऊन आले आणि १९४० मध्ये दिल्लीच्या शेतकी संशोधन परिषदेत सांख्यिकीच्या कामावर रुजू झाले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीक कापणी प्रयोगाची पद्धत देशभर बसवली. गाव चिठ्ठीनं निवडायचं, गावातला शेताचा नंबर चिठ्ठीनं, शेतातली जागाही चिठ्ठीनं. तेवढ्या जागेतलं पीक कापायचं, मळायचं, तोलायचं.

प्रश्न असा आला की हे करायचं कुणी? कलकत्त्याला प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली भारतीय सांख्यिकी संस्था काढली होती. बंगालमधल्या तागाच्या पाहण्या त्यांनी संस्थेच्या स्वतःच्या, खास शिकवलेल्या माणसांकडून करवल्या. त्यांचं म्हणणं, महसूल खात्याच्या माणसावर आधीच शंभर कामं. त्याच्या हातून शास्त्रीय पाहणी होणार नाही. सुखात्म्यांचं म्हणणं वेगळं. गावोगाव सरकारची माणसं आहेतच, त्यांना शिकवलं आणि त्यांच्यावर देखरेख ठेवली, तर हे काम कायमचं उभं राहील आणि परवडेलही. दोघांमध्ये नमुन्याच्या आकारावरूनही वाद झाला. अगदी लहान तुकडा घेतला, तर कडेची रोपं आत धरली जातात आणि उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त दिसतं, हे सुखात्म्यांनी दाखवून दिलं.

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं. देशानं पीक मोजायला सुखात्म्यांची वाट धरली. पण त्या वाटेवर एक अट होती, आणि ती आपण हळूहळू विसरलो. महसुली माणसाकडून शास्त्रीय काम करून घ्यायचं, तर त्याला शिकवणारा, शेतात त्याच्याशेजारी उभा राहणारा शास्त्रज्ञ सतत मिळत राहिला पाहिजे. म्हणून परिषदेच्या छोट्या सांख्यिकी विभागात संशोधनाबरोबर प्रशिक्षणही सुरू झालं. १९५१ मध्ये सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत रोमला गेले. त्यांच्या जागी सांख्यिकी सल्लागार म्हणून दिल्लीला कोण गेलं? आपल्या इंदूरचे पानसे. १९५४ साली दोघांनी मिळून शेतकी कामगिरीसाठी संख्याशास्त्राच्या पद्धतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. शेतकी महाविद्यालयांत पिढ्यान् पिढ्या ते वापरलं गेलं. विभागाची पुढे १९५९ मध्ये स्वतंत्र संस्था झाली. सुखात्मे १९७० पर्यंत रोमला होते आणि जगभरच्या देशांतल्या सरकारी माणसांना नमुना पाहणी शिकवण्याचं काम तिथून चाललं.

आता मी तुम्हाला शेतात नेतो, कारण शिकवायचं म्हणजे नेमकं काय, हे तिथेच कळतं.

बहुतेक पिकांसाठी पाच मीटर लांब, पाच मीटर रुंद चौकोन आखतात. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातून सुरुवात करायची. यादृच्छिक आकड्यांच्या तक्त्यातून दोन आकडे घ्यायचे, तेवढी पावलं लांबीला आणि तेवढी रुंदीला मोजायची आणि तिथे पहिली खुंटी ठोकायची. मग दोरीनं चौकोन. चौकोन खरंच चौकोन झाला का, हे पाहायला कर्ण मोजायचा, तो ७.०७ मीटर आला पाहिजे. नाही आला, तर तुमचा चौकोन तिरपा झाला. दोरी ताणून धरायची. कडेचं रोप आत की बाहेर, हे त्याच्या बुंध्यावरून ठरवायचं, कणसावरून नाही. धान्य ओलं असतं, म्हणून थोडं वाळवून पुन्हा तोलायचं.

हा चौकोन पंचवीस चौरस मीटरचा. एका हेक्टरमध्ये असे चारशे बसतात. म्हणजे चौकोनात शंभर ग्रॅमची चूक झाली, तर हेक्टरी चाळीस किलोंची चूक.

हे फक्त सरकारी कागदापुरतं राहत नाही. २०१६ पासून प्रधानमंत्री पीक विमा योजना आहे. त्यात तुमच्या एकट्याच्या शेताचं नाही, तर संपूर्ण विमा घटकाचं सरासरी उत्पादन पाहतात. आपल्या मध्य प्रदेशात मुख्य पिकांसाठी हा घटक म्हणजे पटवारी हलका. गावपातळीच्या घटकात मुख्य पिकाचे किमान चार कापणी प्रयोग धरलेले आहेत. त्या चार चौकोनांवरून सगळ्या हलक्याची भरपाई ठरत आली आहे.

एक हिशेब मांडतो, आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. सोयाबीनचं उंबरठा उत्पादन हेक्टरी १,२०० किलो धरू. यंदा खरं उत्पादन ९०० किलो. तूट एक चतुर्थांश. हेक्टरी विमा रक्कम ५०,००० असेल, तर शेतकऱ्याला १२,५०० रुपये मिळायला हवेत. आता चौकोन आखताना दोरी पाच मीटरऐवजी सव्वापाच मीटर भरली, असं समजा. प्रत्येक बाजूला फक्त पाव मीटर. पण क्षेत्रफळ दहा टक्क्यांनी वाढलं. उत्पादन ९०० ऐवजी सुमारे ९९२ किलो दिसलं आणि भरपाई सुमारे ८,६५० रुपयांवर आली. चारही प्रयोग त्याच माणसानं त्याच दोरीनं केले, तर ही चूक सरासरीत भरून निघत नाही. हलक्यातल्या प्रत्येक घराचे हेक्टरी जवळजवळ ३,८५० रुपये एका दोरीपायी गेले. दोरी आखूड असेल, तर उलट घडेल आणि विनाकारण पैसे वाटले जातील.

अलीकडे काही पिकांसाठी उपग्रहाच्या चित्रांची मदत घेतात. चांगलंच आहे. पण उपग्रहाचा अंदाज बरोबर आहे का, हेही शेवटी कुणीतरी शेतात कापून, तोलूनच पाहायचं असतं. तिथे पुन्हा तोच माणूस आणि तीच दोरी.

हे शिकवणार कोण? विद्यापीठातल्या प्राध्यापकाला सरासरी, विचलन, नमुन्याचा सिद्धांत पाठ असतो. पण पाऊस पडून शेतात चिखल झाल्यावर पटवारी काय करतो, हे त्यानं पाहिलेलं नसतं. खात्यातल्या जुन्या माणसानं चिखल पाहिलेला असतो. पण चिठ्ठीत निघालेलं शेत दूर आहे म्हणून जवळचं घेतलं, तर काय बिघडतं, हे त्याला सांगता येत नाही. दोघं एका वर्गात आणि एका शेतात उभे राहिले, तरच शिकवणं पुरं होतं. म्हणून मी माणसांच्या देवाणघेवाणीच्या बाजूनं आहे.

दुसरं कारण हिशेबाचं आहे. एखाद्या राज्याच्या सांख्यिकी खात्याला वर्षभरात किंमत निर्देशांकाच्या कामासाठी दहा माणसं शिकवायची असतील, नमुना पाहणीसाठी चाळीस, संगणकावर माहिती तपासायला वीस. प्रत्येक विषयाचा पूर्णवेळ मास्तर ठेवला, तर तो वर्षातले दहा महिने रिकामा बसेल आणि दोन-तीन वर्षांत त्याची विद्याही शिळी होईल. तोच माणूस तीन राज्यांनी मिळून वापरला, तर कामातही राहील आणि तीन ठिकाणच्या अडचणी पाहून शहाणाही होईल.

आणि हे होऊ शकतं, याचे दाखले आपल्या देशात आहेत. १९५० साली कलकत्त्याला आंतरराष्ट्रीय सांख्यिकी शिक्षण केंद्र निघालं. आशिया आणि आफ्रिकेतल्या देशांचे सरकारी अधिकारी तिथे येऊन शिकत आले आहेत. त्याच वर्षी राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. तिच्या आठव्या फेरीपासून, म्हणजे १९५४-५५ पासून, राज्यंही आपापल्या माणसांनिशी त्यात उतरली. प्रश्नपत्रिका एक, व्याख्या एक, प्रशिक्षण सामाईक, माणसं केंद्राची आणि राज्याची. भारतीय सांख्यिकी सेवेच्या अधिकाऱ्यांसाठी ग्रेटर नोइडाला २००९ पासून प्रबोधिनी आहे. तिथे बाहेरच्या संस्थांतले जाणकारही येऊन शिकवतात.

सगळ्यात मोठी उसनवारी जनगणनेची. २०११ च्या जनगणनेला सुमारे २७ लाख माणसं कामाला होती, त्यांत बहुतेक शाळामास्तर आणि सरकारी कर्मचारी. थोड्यांना दिल्लीत शिकवलं, त्यांनी राज्यांत, त्यांनी जिल्ह्यांत, आणि मग प्रत्येक प्रगणकापर्यंत. पुढची जनगणना १ मार्च २०२७ ही संदर्भ-तारीख धरून व्हायची आहे. या सभागृहातली कितीतरी मास्तर मंडळी त्यात असतील.

मग अडतं कुठे? माझी सगळी नोकरी सरकारी आकड्यांच्या कामात गेली. त्या अनुभवावरून चार गोष्टी सांगतो. कुठल्या कार्यालयाचं नाव घेणार नाही, कारण त्या जवळजवळ सगळीकडे दिसतात.

एक. माणूस मागितला की खातं ज्याच्यावाचून अडत नाही असा माणूस पाठवतं. शिकायलाही तोच, शिकवायलाही तोच. प्रशिक्षण म्हणजे रजेचा दुसरा प्रकार, अशी समजूत त्यातूनच होते.

दोन. चांगला माणूस गेलाच, तर मागे त्याचं नुकसान होतं. प्रतिनियुक्तीवर गेलेल्याचा मूळ जागेवर हक्क राहतो, हे नियमात आहे. पण बढतीच्या वेळी साहेबाच्या डोळ्यांसमोर असतो तो रोज दिसणारा माणूस. दोन वर्षं दुसऱ्या राज्यात शिकवून आलेल्याच्या गोपनीय अहवालात त्याबद्दल एक ओळही नसते. माझ्या माहितीतले एक गृहस्थ अशा कामाहून परतले, तेव्हा त्यांचं टेबलही दुसऱ्याला दिलेलं होतं. त्यांनी पुन्हा कधी नाव दिलं नाही. दोष त्यांना कसा द्यायचा?

तीन. शिकवणं तीन दिवसांत उरकतात. पहिला दिवस उद्घाटन, तिसरा प्रमाणपत्रं. मधल्या एका दिवसात तक्ते दाखवले जातात. दोरी कुणी हातात धरत नाही.

चार. शिकलेल्या माणसाची बदली होते. कापणीची पद्धत शिकलेला पटवारी निवडणुकीच्या यादीवर, आणि ऐन हंगामात शेतात नवखा माणूस. डॉ. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय सांख्यिकी आयोगानं २००१ च्या अहवालात हेच म्हटलं होतं: पटवाऱ्यावर कामाचा इतका बोजा आहे की पिकांच्या आकडेवारीकडे दुर्लक्ष होतं आणि तिचा दर्जा घसरला आहे. महालनोबिसांची जुनी शंका अगदीच फोल नव्हती.

कुणी म्हणेल, मग सरकारनं पुरेसे मास्तर नेमावेत, ही उसनवारी कशाला? नेमावेतच. थोडी कायमची माणसं हवीतच, नाहीतर आलेल्या पाहुण्याला काम दाखवणार कोण? दुधाला विरजण शेजारून आणतो, पण दूध घरचंच लागतं, आणि ते कोमट करून ठेवावं लागतं. फ्रीजमधल्या थंड दुधात कितीही चांगलं विरजण घातलं, तरी सकाळी दूधच असतं. ज्या खात्यात एकही जाणता माणूस नाही, तिथे पाठवलेला तज्ज्ञ आठ दिवस बोलून परत जातो आणि मागे काही राहत नाही. देणाऱ्याचं मात्र विरजणासारखंच असतं. चमचाभर दिल्यानं त्याचं भांडं रिकामं होत नाही.

तेव्हा माझ्या मते अशा देवाणघेवाणीचे करार साधे असावेत. मुदत आधी ठरलेली. तीन महिने, सहा महिने, वर्ष. पगार कोण देणार, प्रवासखर्च कुणाचा, हे लेखी. शिकवण्याचं काम मूळ खात्याच्या अहवालात आणि बढतीत धरलं जाईल, हेही लेखी. एक हंगाम तरी शेतात किंवा घरोघरच्या पाहणीत बरोबर जाणं सक्तीचं, प्राध्यापकालाही. आणि शिकलेल्या माणसाची निदान दोन हंगाम बदली नको. उलट वाटही खुली हवी: खात्यातल्या जाणत्या माणसानं महाविद्यालयात जाऊन महिन्याला चार तास खऱ्या आकड्यांवर शिकवावं. संख्याशास्त्राचा पदवीधर आज परीक्षेत शंभर गणितं सोडवतो, पण पटवाऱ्याचं खसरा रजिस्टर त्यानं पाहिलेलं नसतं.

करार सरकार करेल तेव्हा करेल. आपण काय करायचं, हे सांगून मी थांबतो.

आपल्या मंडळात निवृत्त प्राध्यापक आहेत, बँकेत आणि विमा कंपनीत आयुष्य घालवलेली मंडळी आहेत, आणि संगणकावर माहिती हाताळणारी तरुण मुलं-मुली घरोघरी आहेत. मंडळानं एक यादी करावी, कोण काय शिकवू शकतं आणि वर्षातून किती दिवस देऊ शकतं याची. ती जिल्ह्याच्या योजना आणि सांख्यिकी कार्यालयाला आणि कृषी महाविद्यालयाला द्यावी. पहिल्या वर्षी कुणी बोलावणार नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा द्यावी.

ज्यांची गावाकडे शेती आहे त्यांच्यासाठी एक वेगळं काम. यंदा सोयाबीनची कापणी सुरू होईल तेव्हा आपल्या हलक्यात पीक कापणी प्रयोग कुठल्या शेतात, कुठल्या दिवशी आहे, हे पटवाऱ्याला विचारा आणि तिथे जा. भांडायला जाऊ नका. चार खुंट्या आणि मोजपट्टी बरोबर न्या. दोरी ताणलेली आहे का ते पाहा आणि कर्ण मोजायला मदत करा. बहुतेक वेळा पटवारी एकटाच असतो आणि मदतीला नाही म्हणत नाही.

आणि शाळामास्तरांनो, जनगणनेच्या प्रशिक्षणाला बोलावणं येईल तेव्हा मागच्या बाकावर बसू नका. शंका विचारा. एका घरात दोन चुली असतील तर कुटुंब एक की दोन, सहा महिने बाहेर असलेला मुलगा धरायचा की नाही, हे तिथेच विचारून घ्या. तुम्ही तिथे जे शिकाल, त्यावर तुमच्या वस्तीतल्या शंभर-दीडशे घरांचा आकडा उभा राहणार आहे, आणि तो पुढची दहा वर्षं वापरला जाणार आहे.

यादीचा कागद बाहेर टेबलावर ठेवला आहे. जाताना नाव, विषय आणि किती दिवस देता येतील, एवढं लिहून जावं. पहिलं नाव माझं आहे. विषय नमुना पाहणी, वर्षातले वीस दिवस.

 गणपती बाप्पा मोरया!